शितावरून भाताची परीक्षा

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे या गावाच्या शेजारी, वराळे नावाचे गाव आहे. मावळ हा पूर्वापार भाताचा मुलूख. पावसाळ्यात तेथील खाचरांतून गुडघाभर चिखलात आवणी चालते आणि दिवाळीच्या सुमारास लोंब्या पिवळ्या होऊन खाली झुकतात. नव्या तांदळाचा भात चुलीवर रटरटू लागला, म्हणजे तो शिजला की नाही हे पाहण्यासाठी घरची गृहिणी सारे पातेले रिकामे करीत नाही. ती पळीने दोन शिते काढते, बोटांनी चेपून पाहते आणि आपला निर्णय देते. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण अशा स्वयंपाकघरातूनच जन्माला आली.

परंतु जाणती गृहिणी आणखी एक गोष्ट करते. शीत काढण्यापूर्वी ती भात तळापासून हलवून घेते. वरचेच शीत घेतले तर ते कच्चे निघेल. तळाचेच घेतले तर ते करपलेले असेल. आणि दोन्ही वेळा साऱ्या पातेल्याविषयी खोटी साक्ष मिळेल. थोड्यावरून पुष्कळाची पारख करता येते खरी. मात्र ते थोडे निःपक्षपातीपणे निवडलेले असले पाहिजे, ही अट त्या म्हणीच्या पोटात दडलेली आहे. ही अट शेतांना, राष्ट्रांना आणि माणसांच्या भुकेलाही लागू आहे, हे दाखविण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, ते महाराष्ट्रीय विद्वान म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. ते थोर संख्याशास्त्रज्ञ होते.

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. हे गाव खटाव तालुक्यात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस या भागापर्यंत येईतो थकून जातो. त्यामुळे येथील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. पीक किती आले, हा प्रश्न अशा मुलखात नुसत्या कुतूहलाचा नसतो. वर्षभर चूल पेटणार की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

पुढे सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. गणित हा मुख्य विषय घेऊन १९३२ साली ते पदवीधर झाले. नंतर १९३३ साली उच्च शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राचा अभ्यास करू लागले.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते कॉलेज म्हणजे त्या काळी जणू काशी होती. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि जर्झी नेमन हे तीन मोठे पंडित तेथे एकाच वेळी शिकवीत होते. फिशर यांनी रॉथमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगक्षेत्रात अनेक वर्षे काढली होती. कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यावे, हे प्रयोग करणाऱ्याने आपल्या आवडीने ठरवू नये, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असा त्यांचा दंडक होता. कारण माणसाची आवड नकळत उत्तम वाफ्याकडे झुकते, चिठ्ठी मात्र कोणाचीच बाजू घेत नाही.

याच कॉलेजाच्या संग्रहात एक मौजेचे यंत्र आहे. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८७३ साली ते करविले. एका उभ्या फळीवर खिळ्यांच्या रांगा ठोकलेल्या असतात आणि खाली अरुंद कप्पे असतात. वरून बारीक छर्रे सोडले, की प्रत्येक छर्रा खिळ्यांवर आपटत, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत, एखाद्या कप्प्यात जाऊन पडतो. एक छर्रा कोठे पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु सगळे छर्रे पडून गेले, म्हणजे मधल्या कप्प्यांत उंच रास, दोन्ही कडांना अगदी थोडे छर्रे, असा घंटेसारखा सुबक आकार तयार होतो. एकेकट्या गोष्टीत दिसणारी अनिश्चितता आणि समुदायात दिसणारा नियम, या दोहोंचे दर्शन ते लहानसे यंत्र डोळ्यांना घडविते. संख्याशास्त्राचा पहिला धडा हाच होय.

नेमन यांनी नमुना निवडण्याच्या शास्त्राला नवे वळण दिले होते. त्यांच्या कल्पनेचा अर्थ मावळच्याच उदाहरणाने सहज कळेल. लोणावळ्याकडील पश्चिम भागात पाऊस अतोनात पडतो. वराळ्याकडे, पूर्वेला, तो पुष्कळ कमी होतो. अशा तालुक्यातील सर्व गावांच्या चिठ्ठ्या एकाच हंड्यात टाकल्या, तर कदाचित सगळ्या पश्चिमेच्याच निघतील. म्हणून आधी सारख्या परिस्थितीच्या गावांचे निरनिराळे गट करावेत आणि मग प्रत्येक गटातून चिठ्ठ्या काढाव्यात. थोड्या श्रमात अधिक विश्वसनीय उत्तर हाती येते. सुखात्म्यांनी या विषयावर संशोधन करून १९३५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. १९३६ साली त्यांना पीएच.डी. आणि १९३९ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

एवढी विद्या संपादन केल्यावर एखाद्या शांत ग्रंथालयात बसून समीकरणे सोडविण्यात त्यांना आयुष्य घालविता आले असते. परंतु ते स्वदेशी परत आले. कलकत्त्याच्या आरोग्यविषयक संस्थेत काही काळ अध्यापन केल्यानंतर १९४० साली ते दिल्ली येथील शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. आणि तेथून त्यांच्या विद्येचे पाय मातीला लागले.

त्या काळी हिंदुस्थानात पिकाचा अंदाज आणेवारीने बांधीत असत. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. गावचा कामगार किंवा महसूल खात्याचा अधिकारी बांधावरून शेताकडे नजर टाकी आणि यंदा पीक बारा आणे आहे, आठ आणे आहे, असे कागदावर लिही. गावाचे लागवडीचे क्षेत्र, चांगल्या वर्षीचे एकरी पीक आणि ही आणेवारी यांचा गुणाकार केला, की झाला हिशेब. गुणाकार अचूक असे. परंतु ज्या आकड्यावर तो उभा, तो आकडा निव्वळ नजरेचा असे.

नजर माणसागणिक बदलते आणि स्वार्थाप्रमाणे तर ती फारच बदलते. १९१८ साली गुजरातेतील खेडा जिल्ह्यात हेच घडले. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करावी, असा नियम होता. पीक चार आण्यांच्या आत आहे, असे शेतकरी सांगत होते. ते चार आण्यांच्या वर आहे, असे अधिकारी सांगत होते. शेत एकच, पण त्याच्याकडे पाहणारे डोळे दोन. त्या वादातून महात्मा गांधींना खेड्याचा सत्याग्रह उभारावा लागला. कागदावरच्या एका आण्याने हजारो कुटुंबांचे गुरेढोरे आणि भांडीकुंडी जप्त होण्याची पाळी येऊ शकते, हे देशाने त्या वेळी पाहिले.

याहूनही भयंकर प्रसंग पुढे आला. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. महायुद्ध चालू होते, भाव गगनाला भिडले होते, धान्याची ने-आण विस्कळीत झाली होती आणि राज्यकर्त्यांची हयगयही होतीच. परंतु आणखी एक उणीव सर्वांच्या ध्यानात आली. देशात धान्य किती पिकले, कोठे उरले आणि कोठे तुटवडा पडला, याचा भरवसा ठेवण्याजोगा हिशेबच कोणापाशी नव्हता. कोठारात काय आहे हे ठाऊक नसलेल्या गृहिणीने पंगत कशी वाढावी? शिधावाटप करायचे, तर आधी खरे मोजमाप हवे होते.

हे मोजमाप सुखात्म्यांनी आपल्या हाती घेतले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रांतांत पीककापणीचे प्रयोग मोठ्या प्रमाणावर सुरू केले. या प्रयोगाची रीत साधी, पण काटेकोर होती. प्रथम गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची. मग निवडलेल्या गावातील शेते त्यांच्या क्रमांकांवरून त्याच रीतीने काढावयाची. शेत कसदार आहे की निकस, रस्त्यालगत आहे की ओढ्यापलीकडे, हे पाहावयाचे नाही. नंतर त्या शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यात उभे राहावयाचे. तेथून लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती पावले जावयाचे, हेही आधी निघालेले अंक सांगत. तेथे पोहोचल्यावर खुंट्या ठोकून, दोरी ताणून ठराविक मापाचा तुकडा आखावयाचा. त्यातील पीक कापावयाचे, झोडावयाचे, उफणावयाचे आणि दाणे तराजूत घालावयाचे. ओल्या दाण्यांत पाण्याचे वजन असते. म्हणून काही नमुने वाळवून पुन्हा तोलावयाचे.

पावलांनी सांगितलेली जागा कधी नेमकी विरळ पिकात येई. शेजारीच दाट, टपोऱ्या लोंब्या डुलत असत. चार पावले सरकून तेथे खुंटी ठोकावी, असा मोह कोणालाही होईल. शेतकऱ्याच्या दृष्टीने उलटही होईल. सारा वाढू नये म्हणून त्याला विरळ जागाच बरी वाटेल. परंतु मोह आवरून जेथे अंक नेतील तेथेच खुंटी ठोकणे, यातच या प्रयोगाचा सारा प्राण होता. तळापासून हलविलेल्या भाताचे शीत म्हणतात ते हेच.

हे काम करावयाचे कोणी? सुखात्म्यांनी त्यासाठी परक्या तज्ज्ञांची फौज मागविली नाही. गावोगाव असलेले महसूल खात्याचे व शेती खात्याचे साधे कर्मचारी, ज्यांनी संख्याशास्त्राचे नावही कधी ऐकले नव्हते, त्यांच्याच हाती त्यांनी हे शास्त्र सोपविले. अशा माणसांना समीकरणांनी काय बोध होणार? त्यांचा फळा म्हणजे शेत, खडू म्हणजे खुंटी आणि दोरी, आणि पुस्तक म्हणजे तराजू. एकदा आपल्या हाताने चौकोन आखून, पीक कापून, दाणे तोलून पाहिले, म्हणजे नमुना कशाला म्हणतात हे त्यांना उमगे. दहा शेतांतील वजने एकाखाली एक मांडली, की शेताशेतांत किती फरक असतो ते दिसे. आणि फरक दिसला, म्हणजे सरासरीचा अर्थ आपोआप कळे. जे शास्त्र विद्यापीठातील थोड्या विद्वानांपुरते होते, ते अशा रीतीने खेड्यापाड्यांतील सामान्य कर्मचाऱ्यांच्या हाती आले.

या कामात सुखात्म्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांवर निरनिराळ्या आकारांचे तुकडे आखून त्यांनी तुलना केली. काही तुकडे मोठे होते, तर काही म्हणजे अवघी दोन किंवा तीन फूट त्रिज्येची वर्तुळे होती. शेत तेच, पीक तेच. मग एकरी उत्पन्न दोन्हींवरून सारखेच निघावयास हवे. परंतु तुकडा जितका लहान, तितके उत्पन्न अधिक दिसू लागले! शेतात नसलेले धान्य कागदावर कोठून आले?

त्याचे उत्तर तुकड्याच्या कडेवर होते. आखलेल्या रेषेवर जी रोपे येतात, ती आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न कापणाऱ्यास पडतो. हात सहज आतल्या बाजूला वळतो आणि संशयातील रोपे तो कापून घेतो. यात लबाडी नसते. परंतु चूक मात्र नेहमी एकाच बाजूला होते. आता दोन फूट बाजूचा एक चौरस घ्यावा. त्याचे क्षेत्र चार चौरस फूट आणि कडा आठ फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे दोन फूट कड. वीस फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्र चारशे चौरस फूट आणि कडा ऐंशी फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे फूटभराचा जेमतेम पाचवा हिस्सा. लहान तुकड्यात कड दहापट भारी पडते आणि तिच्याबरोबर कडेवरची चूकही. हे दोन चौरस कागदावर काढून त्यांत ठिपके भरले, तर शाळकरी मुलालाही त्यातील मर्म दिसेल.

यावरून एक मोठा वाद उत्पन्न झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस हे विख्यात संख्याशास्त्रज्ञ लहान वर्तुळाकार तुकडे घेऊन पाहण्या करीत होते. लहान तुकडे कापण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून ते अधिक ठिकाणी घेता येतात. आणि खास शिकविलेली माणसे नेमली तर चूक टाळता येते, असे त्यांचे मत होते. सुखात्म्यांचा आग्रह मोठ्या तुकड्यांचा होता, कारण गावोगावचा साधा कर्मचारी ज्यात चुकणार नाही, अशी रीत त्यांना हवी होती. दोघेही थोर, दोघेही देशहिताची तळमळ बाळगणारे. हा वाद शास्त्रीय नियतकालिकांतून आकडे आणि प्रयोग पुढे ठेवून लढला गेला. त्यामुळे पीक मोजण्याचे शास्त्र अधिकच निर्दोष झाले. भारतात पीककापणीसाठी पुढे मोठे तुकडे घेण्याची पद्धत रूढ झाली.

१९४५ साली शेती संशोधन परिषदेची संख्याशास्त्र शाखा संशोधनाप्रमाणेच शिक्षणाचेही केंद्र बनली. या लहानशा शाखेला मोठे स्वरूप देण्यात सुखात्म्यांचा वाटा फार मोठा होता. आज नवी दिल्लीत शेतीविषयक संख्याशास्त्राची जी राष्ट्रीय संशोधन संस्था उभी आहे, तिचा पाया तो हाच. १९४७ साली भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषद स्थापन झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि तिच्या उभारणीत सुखात्मे अग्रभागी होते. १९५४ साली त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक नमुना पाहणीच्या शास्त्रावरील ग्रंथ. तो जगातील अनेक विद्यापीठांत अभ्यासला गेला. दुसरे पुस्तक व्ही. जी. पानसे यांच्यासमवेत लिहिलेले. ते शेतीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना संख्याशास्त्र शिकविण्यासाठी होते. त्यात खताचे, बियाण्याचे आणि वाफ्यांचे आकडे घेऊन, गणिते पायरीपायरीने सोडवून दाखविली आहेत. शेती महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्या पुस्तकावर शिकल्या.

दरम्यान, १९५१ साली सुखात्म्यांना मोठे बोलावणे आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्यांना आपल्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक नेमले. ही संघटना इटलीतील रोम शहरी आहे. आता त्यांच्यासमोर जिल्हा किंवा प्रांत नव्हता. सारे जग होते. आणि मोजावयाची होती ती माणसांची भूक.

जगातील दोन-तृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे त्या काळी मोठमोठे लोक सांगत. त्यामागील कळकळ खरी होती. परंतु हा आकडा कसा काढला, हे सुखात्म्यांनी तपासून पाहिले. माणसाला सरासरीने जेवढे अन्न लागते, त्याहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी, असे धरणे त्यांना पटेना. एका वर्गातील मुलांना सारखीच भूक नसते. एकाचे तीन भाकरींनी भागते, दुसऱ्याला चार लागतात, आणि दोघेही निरोगी असतात. गाल्टनच्या यंत्रातील छर्रे जसे मधल्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंना विखुरतात, तशाच माणसांच्या गरजाही सरासरीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतात. ही विविधता हिशेबात धरून त्यांनी १९६१ साली आपला अंदाज लंडनमधील रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडला. जगातील दर शंभर माणसांमागे दहा ते पंधरा माणसांना पोटभर अन्न मिळत नाही. आणि पोट भरले तरी आहार निकस, अशांनाही मोजले, तर कोणत्या ना कोणत्या प्रकारे अन्नाच्या उणिवेने पीडलेले लोक निम्म्यापर्यंत भरतात, असा तो निष्कर्ष होता.

हा आकडा पूर्वीच्या आकड्याहून लहान होता. भुकेचा आकडा मोठा असला, म्हणजे श्रीमंत राष्ट्रांची मने अधिक द्रवतील, असे कोणासही वाटले असते. सुखात्म्यांना गरिबांची कळकळ कमी नव्हती. परंतु मोजमाप खोटे असेल, तर मदत भलत्या ठिकाणी जाईल आणि खरा उपाशी उपाशीच राहील, हे ते जाणून होते. विरळ पीक दिसले म्हणून खुंटी हलवू नये, हा शेतातील नियम त्यांनी येथेही पाळला. १९६३ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय पदकाने गौरविले.

सुमारे वीस वर्षे जगाची सेवा करून सुखात्मे पुण्यास परतले. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. परंतु किताब मिळवून स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत त्यांनी आहारविषयक संशोधन चालू ठेवले. एकाच माणसाची भूकही दिवसागणिक कमीजास्त होते आणि निरोगी शरीर काही मर्यादेपर्यंत स्वतःला सावरून घेते, असे मत त्यांनी मांडले. कुपोषणाचे कारण नेहमी ताटातच सापडत नाही. घाण पाणी आणि वारंवार होणारे आजार यांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. यावर अनेक शास्त्रज्ञांनी कडाडून टीका केली. अशा विचाराने गरिबांची उपासमार झाकली जाईल, अशी भीती त्यांना वाटत होती. वाद दीर्घकाळ चालला आणि सुखात्म्यांची सर्वच मते काही मान्य झाली नाहीत. तथापि माणसांची सरासरी काढताना माणसामाणसांतील भेद विसरू नये, ही त्यांची शिकवण टिकून राहिली.

२८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्म्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ भारत सरकार श्रेष्ठ संख्याशास्त्रज्ञांना राष्ट्रीय पुरस्कार देते. परंतु त्यांचे खरे स्मारक शेतांतच पाहावयास मिळते. आणेवारीतील आणे जाऊन आता पैसेवारी आली आहे. वराळ्याच्या आसपास नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही मावळात भात पिकतो आणि राज्यभर हंगामाच्या अखेरीस पीककापणीचे प्रयोग होतात. दुष्काळात शेतकऱ्याला पीकविम्याची भरपाई मिळावी की नाही, हे ठरविताना अशा प्रयोगांचा आधार घेतला जातो. एखाद्या खाचरात चार खुंट्या आणि एक दोरी दिसली, तर त्या चौकोनात सबंध गावाची साक्ष नोंदली जात असते. ती साक्ष खरी ठरावी, एवढ्यासाठी बुध गावच्या एका मुलाने आपली सारी विद्या वेचली.

शब्दार्थ

आवणी : भाताची रोपे उपटून खाचरात लावण्याचे काम
खाचर : पाणी साठून राहावे म्हणून बांध घातलेले भातशेत
आणेवारी : पिकाचा आण्यांत केलेला अंदाज
तहकूब करणे : पुढे ढकलणे
निकस : कस नसलेला
उफणणे : वाऱ्यावर धरून दाण्यांतील भुसा वेगळा करणे

स्वाध्याय

१. शीत काढण्यापूर्वी भात तळापासून का हलवावा? या गोष्टीचा पीककापणीच्या प्रयोगाशी काय संबंध आहे?
२. आणेवारीच्या पद्धतीत कोणता दोष होता? खेड्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. लहान तुकड्यावरून काढलेले उत्पन्न खऱ्या उत्पन्नाहून अधिक का दिसे?
४. भुकेचा लहान आकडा मांडण्यात सुखात्म्यांचा कोणता गुण दिसून येतो?
५. सुखात्मे व महालनोबीस यांच्यातील वादाचे स्वरूप पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : एका मडक्यात ६० पांढरे आणि ४० लाल वाल एकत्र मिसळा. डोळे मिटून दहा वाल काढा, त्यांतील लाल किती ते लिहा आणि वाल परत टाकून मडके चांगले हलवा. असे वीस वेळा करा. चौकटीच्या कागदावर खाली ० ते १० हे अंक लिहून, प्रत्येक वेळी जेवढे लाल वाल निघाले त्या अंकावर एक ठिपका द्या. ठिपक्यांची रास कोठे उंच झाली, ते पाहा. नंतर मडके न हलविता, लाल वाल वर ठेवून, पुन्हा तसेच करा आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावा.